मन होत नसलं तरी मत देणार

आज पानठेल्यावर आमचेच चार पोट्टे छातीठोकपणे सांगत होते, "यावेळी आपण जिल्हा परिषदेच्या मतदानालेच जात नाही. उभे राहणारे सारेच भंगार हायेत." डोकंच तडकलं माझं.

अरे बाप्पा, उमेदवार मलाही पटलेले नाहीत. तिकिटासाठी कोण कोणाच्या मागे फिरतंय, हे अख्ख्या सर्कलला, म्हणजे आपल्या मतदारसंघाला, ठाऊक आहे. पण आपण घरी बसून कोणाचं काय वाकडं होणार?

आमचे मागचे जिल्हा परिषद मेंबर आठवा. माईक हातात दिला की शब्द फुटायचा नाही. नाव घ्यावं असं एकही मोठं काम नाही. पण ऐन हरभरा घाट्यावर असताना डीपी, म्हणजे शेताला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली, तेव्हा रात्री मी त्यांचंच दार वाजवलं. जेवत्या ताटावरून उठून आले. दुसऱ्या दिवशी वीज कार्यालयात साहेबासमोर खुर्ची ओढून बसले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त उठले नाहीत. डीपी आली!

मार्च 2022 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. पुढं डीपी पुन्हा जळाली. कोणाचं दार वाजवायचं होतं? अर्ज दिला, पोच घेतली, हरभरा उभ्या वावरात वाळला. "कोणीच नको" म्हणता ना? कोणीच नसलं की काय होतं, ते भोगलं आपण.

आणि नोटाचं, म्हणजे 'यापैकी कोणीही नाही' या बटणाचं, सांगूच नका. 2013 पासून ते बटण आहे. लोकसभा-विधानसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली, तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तोच निवडून येतो. हो, अख्ख्या गावानं बहिष्काराचं निवेदन दिलं की तहसीलदार धावत येतात, हे मान्य. पण चौघं घरी झोपले तर कुत्रंही विचारत नाही. ज्याचे पैसे वाटून झाले, त्याचं फावतं फक्त.

त्यातला एक पोट्टा उठताना म्हणाला, "दादा, 2025-26 चा हमीभाव 5328 होता, अन् माझं सोयाबीन किती कमी भावात गेलं माहीत हाय ना तुले?" माहीत आहे रे. त्याच्यावर चिडता येत नाही मला. त्याच्या घरी बहिणीचं लग्न अडलंय.

म्हणून ठरवलंय, अर्ज भरले की एकेका उमेदवाराच्या घरी जायचं. डीपी जळाली तर रात्री दार उघडाल का, एवढंच विचारायचं. त्या पोट्ट्यालाही सोबत नेतो. आणखी कोण येतं, कमेंटमध्ये सांगा.