पांढरी व्हॅन आणि पोलीस ठाण्याचं बाकडं: कात्रजच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

पुण्यात अपहरणाच्या नोंदी वाढल्या म्हणजे तितकी मुलं टोळ्यांनी उचलली असं नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की मी पालकांना गाफील करतोय, आणि सोसायटीच्या ग्रुपवर पांढऱ्या व्हॅनमधून मुलं पळवतात असा मेसेज आला त्या रात्री तुमचा डोळा लागला नाही.

तुमची काळजी मला पटते. गाफील करण्याचा आरोप मात्र मान्य नाही.

१० मे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं अपहरणाचं कलम ३६३ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७. पेपरात रोज दिसणारं ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’ हे वाक्य तिथूनच येतं. त्यात घरी भांडून पुणे स्टेशन गाठलेला पोरगा असतो, मित्राबरोबर गेलेली सतरा वर्षांची मुलगी असते आणि खरोखर विकायला नेलेलं लेकरूही असतं. पहिल्या दिवशी यातलं कोण कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून हा नियम मला हवाच आहे. नोंदी वाढल्या तर मी म्हणेन, निदान तक्रार लिहून तरी घेतली.

माझी झोप उडते ती तक्रार लिहून घेतली जात नाही तेव्हा. बांधकामावरच्या एका बाईंबरोबर मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. त्यांची मुलगी बेपत्ता होती. मुलीचा फोटो म्हणून त्यांच्याकडे फक्त आधार कार्ड, तेही पोरगी पाच वर्षांची असतानाचं. आता ती तेरा वर्षांची. अंमलदार म्हणाले, “सकाळपर्यंत वाट बघा, येईल.” मग म्हणाले, “हद्द आमची नाही.” बाई बाकड्यावर बसून राहिल्या. चोवीस तास थांबायचा नियम कुठेही नाही, आणि हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. ती मुलगी सापडली, पण पहिली रात्र वाया गेली ती गेलीच.

व्हॅनच्या मेसेजबद्दल मी मागच्या लेखात कडक लिहिलं, ते तसंच ठेवणार आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. अशाच अफवा तेव्हा मोबाइलवर फिरत होत्या.

तुमच्या ग्रुपवर टाकायचंच असेल तर हे टाका: मुलाचा यंदाचा फोटो फोनमध्ये ठेवा, आज अंगात कुठले कपडे आहेत ते लक्षात ठेवा. मूल दिसेनासं झालं तर लगेच ११२ (पोलिसांची तातडीची मदत) किंवा १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) लावा, आणि ठाण्यातून एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. तुमच्या इमारतीत धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींनाही हे तोंडी सांगा, त्या ग्रुपवर नसतात.