समोरच्याला गप्प करण्याची कला

हवामानबदलाविषयी लोकांशी बोलायचे तुम्ही ठरवले असेल, आणि आपले म्हणणे त्यांनी चुकूनही मनावर घेऊ नये अशी तुमची इच्छा असेल, तर पुढील सूचना उपयोगी पडतील. त्या अनुभवसिद्ध आहेत; बहुतेक मी स्वतः निष्ठेने पाळल्या आहेत.

सुरुवात आकड्यांनी करावी. १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने मोजणी सुरू केली तेव्हा हवेत दर दहा लाख भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते आणि आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत, हे एका दमात सांगून टाकावे. दहा लाखांत शंभर भागांनी असे काय बिघडते, हा प्रश्न समोरच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसेल. त्याकडे बघू नये. हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीकडून परतणारी उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत, ते काम कार्बन डायऑक्साइडसारखे मूठभर 'हरितगृह वायू'च करतात, एवढे सांगितले तर त्याची शंका फिटण्याचा धोका असतो. पृथ्वीची सरासरी तापमानवाढ ज्या मर्यादेत रोखायची म्हणतात, तो 'दीड अंश' हा शब्दही असाच उघडावाघडा सोडून द्यावा. सकाळ आणि दुपार यांत दहा अंशांचा फरक सोसणारा माणूस त्यावर हसणारच. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यातही पृथ्वीचे सरासरी तापमान उद्योगपूर्व काळापेक्षा साधारण पाच ते सात अंशांनीच कमी होते, हे त्याला कळू देऊ नये.

संशयी मनुष्य भेटला तर तो मूर्ख आहे असे गृहीत धरावे. "हवामान पूर्वीही बदलतच होते की," असे तो म्हणेल. दुर्दैवाने हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे: सूर्य तापल्यामुळे हे घडत असते, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते, प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतो आहे. परंतु उत्तर देणे म्हणजे त्याला बरोबरीचा मानणे. त्यापेक्षा "तुम्ही शास्त्रज्ञ आहात का?" असे विचारावे. (आपणही नसतो, पण तेवढ्यात ते कोणाच्या लक्षात येत नाही.)

शास्त्रज्ञांची भाषा आहे तशीच उचलावी. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या अहवालांत 'शक्यता आहे' म्हणजे किमान ६६ टक्के आणि 'दाट शक्यता आहे' म्हणजे किमान ९० टक्के, असे ठरलेले असते. ते न सांगता नुसते 'शक्यता आहे' म्हटले की ऐकणारा "म्हणजे त्यांनाही नक्की ठाऊक नाही" असे समजून निश्चिंत होतो.

ज्याला या विषयाचे काहीच वाटत नाही, त्याला भरपूर घाबरवावे. महापूर, वणवे, बुडणारी शहरे असे सर्व ऐकवून झाल्यावर उपाय म्हणून मोबाइलचा चार्जर काढून ठेवायला सांगावे. संकट आणि उपाय यांतील हे प्रमाण पाहून शहाणा माणूस दोन्ही विसरतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तो स्वतःहून बोलू लागला तर त्याला थांबवावे. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे माझे एक शेजारी या विषयाला कायम थोतांड म्हणत आले आहेत. एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "दिवसाचे एक वेळ सोडा, पण आताशा रात्रीसुद्धा खोली निवत नाही. चादर ओली करून झोपतो, ती तासाभरात वाळते." हरितगृह वायूंचे पांघरूण रात्रीही उतरत नाही, हे सांगायला यापेक्षा चांगली जागा मला मिळाली नसती. मी त्यांना मध्येच तोडून ध्रुवीय अस्वलांच्या हालअपेष्टा सांगितल्या, मग पॅरिस कराराची कलमे सांगितली, आणि शेवटी त्यांच्या तीन जुन्या विधानांची तारीखवार आठवण करून दिली. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले, "बरोबर आहे तुमचे," असे म्हणाले आणि चादर भिजवायला वर निघून गेले.