मांडे तव्यावर भाजत नाहीत

आमची मोठी माय ऐंशीच्या पुढची. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात रोज दिवेलागणीला हातपाय धुऊन ती टीव्हीपुढे बसते ती साडेनऊपर्यंत उठत नाही. कुठल्या मालिकेत कोणाची सून कोण, सगळं तिला तोंडपाठ. मागच्या महिन्यात एका मालिकेत गावाकडचं घर दाखवत होते. चूल पेटलेली, सून भाकरी थापतेय. मोठी माय बराच वेळ टक लावून बघत राहिली आणि मला म्हणाली, "चुल्हाना धूर कथा गया रे भो?" म्हणजे चुलीचा धूर कुठे गेला रे भाऊ?

जिने साठ वर्षं चुलीपुढे डोळे चोळत काढली, तिला हे दिसणारच. आणि मला उत्तर माहीत होतं, कारण तसली चूल मी स्वतः हात लावून बघून आलोय.

माझा मंडप आणि लाइटचा धंदा आहे. लग्नं, कानबाईचा उत्सव, सप्ते, सभा, सगळं करतो. माझा पुतण्या पाच वर्षांपासून मुंबईत मालिकांच्या सेटवर लाइटचं काम करतो. दिवाळीनंतर त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा घोडबंदर रोडवरच्या एका सेटवर त्याने मला दिवसभर बसवून घेतलं. बाहेरून बघाल तर पत्र्याचं गोडाऊन. आत शिरलो आणि समोर वाडा! ओसरी, खांब, देवघर, माजघर. खांबाला बोटाने टकटक केली तर आतून पोकळ आवाज. लाकडी पट्ट्यांची चौकट, त्यावर प्लायवूड, वरून रंगाऱ्याने काढलेल्या सागवानाच्या रेघा. वर बघितलं तर छतच नाही. छताच्या जागी लाकडी माच आणि त्यावर टांगलेले लाइट. एक भिंत तर चार पोरांनी उचलून बाजूला नेली, कारण कॅमेऱ्याला तिथे उभं राहायचं होतं. खिडकीबाहेरचं शेत म्हणजे फ्लेक्सवर छापलेलं चित्र. दुपारचे दोन वाजलेले आणि दारं-खिडक्यांना काळं कापड लावून आत रात्र केलेली. त्याच शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात हॉस्पिटलची खोली होती, पडदे आणि पलंग बदलला की तीच पोलीस ठाणं होते.

मी या धंद्यातला माणूस आहे म्हणून सांगतो, हे काम फार हुशारीचं आहे. त्या सुतारांना, रंगाऱ्यांना मी मनापासून मानतो.

चुलीत केशरी बल्ब होता, त्यावर दोन लाकडं ठेवलेली. बंद शेडमध्ये धूर केला तर सगळ्यांनाच खोकला लागेल. संवाद तिथल्या तिथे रेकॉर्ड होतात, माईक पदराआड लपवलेला असतो. "सायलेन्स" अशी आरोळी आली की पंखे बंद, सुताराची हातोडी बंद, आम्ही श्वास रोखून उभे. मोठ्या मायच्या धुराचं एवढंच होतं.

जेवणाचा एक प्रसंग चालला होता. पडद्यावर तो दोन-तीन मिनिटांचा असेल, घ्यायला दीड तास गेला. आधी सगळे एकत्र दिसतील असा मास्टर, मग एकेकाचा क्लोज, मग नुसत्या रिअ‍ॅक्शन. सासू एक वाक्य बोलली की पाच जणांचे पाच चेहरे वेगवेगळे टिपायचे. प्रत्येक वेळी भाकरीचा तोच कोपरा तुटलेला हवा म्हणून एक मुलगी मोबाइलवर ताटाचा फोटो काढून ठेवत होती. कारण साधं आहे. रोज लागणारी मालिका म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटांचं चित्रण तयार पाहिजे. पुढच्या भागांची शिल्लक असते, तिला ते 'बँक' म्हणतात. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आकडा पडला की कथा फिरते, लिहिलेलं रद्द होतं आणि बँक संपते. मग आज घेतलेला प्रसंग उद्याच्या भागात, कधी कधी आज रात्रीच्याच भागात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

त्या दिवशीच्या भागात खान्देशातून आलेली एक पाहुणी बाई होती आणि ती सुनेला मांडे करायला शिकवते असा प्रसंग होता. मी खुर्ची पुढे ओढून बसलो. आपल्याकडचं काहीतरी टीव्हीवर येणार, याचा आनंद काय असतो हे खान्देशी माणसालाच कळेल. आणि समोर काय ठेवलं? गॅस, त्यावर तवा, आणि लाटलेली पुरणपोळी. बाईच्या तोंडी "म्या", "व्हय", "काय वं" अशी भाषा. ही भाषा धुळ्याची नाही, जळगावची नाही, नंदुरबारची तर नाहीच. ती कुठलीच नाही. मुंबईत 'गावाकडची' म्हणून एक भाषा तयार ठेवलेली असते आणि कुठलाही खेडवळ माणूस आला की तीच त्याच्या तोंडात घालतात.

आर्ट डिपार्टमेंटच्या मुलाला मी बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, मांडे तव्यावर भाजत नाहीत. चुलीवर खापर उपडं घालतात, पुरण भरलेला उंडा हातावर झेलत झेलत मोठा करतात आणि त्या खापरावर टाकतात. कोपरापर्यंत हात पसरतो, परात झाकेल एवढा मांडा होतो." त्या पोराने सगळं नीट ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं. मग म्हणाला, "काका, आत्ता खापर कुठून आणू? हा भाग परवा जायचाय." त्याचंही खरं होतं. त्याला दोष देता येत नाही. घोडबंदर रोडवर दुपारी तीन वाजता खापर मिळत नाही.

आमच्या गावात मिळतं. दहा मिनिटांत.

म्हणून माझं म्हणणं आहे की मालिका जिथे शूट होते तिथलंच जग तिच्यात येतं. लेखक कितीही चांगला असो, ज्या गावात युनिट उतरतं त्या गावातली भांडी, झाडं, आवाज, शिव्या, हेल हे सगळं फुकटात कॅमेऱ्यात शिरतं. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सावंतवाडीजवळच्या आकेरीत शूट झाली आणि मालवणी माझ्या घरात शिरली. मोठ्या मायला मालवणीचा 'म'सुद्धा माहीत नव्हता, तरी ती रोज बघायची आणि समजायची. त्याच वर्षी 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरजवळच्या वसगड्यात सुरू झाली, तिथला वाडा बघायला लोक गाड्या करून जायचे. पुढे 'लागिरं झालं जी'ने सातारची बोली घराघरात नेली. या तिन्ही मुलखांचं मला कौतुकच आहे. पण धुळे-जळगाव-नंदुरबारचं एखादं गाव, एखादा वाडा वर्षभर रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसतोय, असं मी आजवर बघितलेलं नाही. आपला माणूस आला तर दोन-चार भागांसाठी येतो, बहुतेक हसवायला येतो आणि तेही तव्यावर मांडे भाजतो.

यावर मुंबईची माणसं पहिलं उत्तर देतात, लांब पडतं. हे मला पटत नाही. धुळे मुंबईहून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, सरळ आग्रा रोड. कोल्हापूर पावणेचारशेच्या पुढे. सावंतवाडी तर पाचशेच्या घरात. कोल्हापूर चालतं, सावंतवाडी चालते आणि धुळे लांब?

दुसरं उत्तर, भाषा कळणार नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या उभा महाराष्ट्र पाठ म्हणतो, त्या काय पुण्याच्या भाषेत आहेत? आणि यूट्यूबवर आपल्या अहिराणी गाण्यांवर नाचणारी पोरं नुसती खान्देशातली नाहीत.

खरं कारण वेगळं आहे आणि ते आपण मान्य केलं पाहिजे. मुंबईत गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ पासून आहे, सुमारे ५२० एकरांची. जंगलाला लागून असल्याने तिथे सेटवर बिबट्यासुद्धा येतो, तरी काम थांबत नाही, एवढी त्या जागेला सवय आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या काळापासून, म्हणजे शंभर वर्षांपासून सिनेमा मुरलाय. तिथे युनिट उतरलं की जनरेटर व्हॅन, मेकअपवाले, चार तासांत पन्नास माणसं गर्दीत उभी करणारा कोऑर्डिनेटर, सगळं हाताशी असतं. निर्माता आपल्याकडे आला तर त्याला फोन कोणाला करायचा हेच माहीत नाही. अंतर आडवं येत नाही, हे आडवं येतं. आणि हे दुरुस्त करता येण्यासारखं आहे.

कारण हे आधी घडलेलं आहे. १९८७ ची 'रामायण' मालिका कुठे शूट झाली? वलसाड जिल्ह्यातल्या उंबरगावला. छोटं गाव. आख्खं युनिट तिथे जाऊन राहिलं आणि रविवारी सकाळी देशातले रस्ते ओस पडायचे. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा याच मुंबईच्या मालिका थोड्याच दिवसांत गोवा, दमण, सिल्वासा, हैदराबादला गेल्या. हॉटेलं, रिसॉर्ट यांना घर बनवलं आणि भाग चालू ठेवले. म्हणजे हलायचं ठरवलं तर युनिट हलतं.

आपल्याकडे काय आहे ते मी धंद्याच्या नजरेने सांगतो. पाच हजार माणसांचा मंडप एका रात्रीत उभा करणारी पोरं आहेत. साउंडप्रूफ जनरेटर आहेत. सुतार आहेत, पाट्या आणि भिंती रंगवणारे आहेत. कानबाईच्या दिवशी चौरंग सजवणाऱ्या बायांचा हात बघा, कुठल्या आर्ट डायरेक्टरला ते शिकवावं लागणार नाही. तापी आहे, केळीचे बाग आहेत, लळिंगचा किल्ला आहे, तोरणमाळ आहे, सारंगखेड्याचा घोडेबाजार आहे. अडचणीही आहेत. एप्रिल-मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीला कलाकाराचा मेकअप टिकणार नाही, तेव्हा आतले प्रसंग सकाळी लवकर नाहीतर रात्रीच करावे लागतील. लग्नसराईत डीजेमुळे थेट आवाज रेकॉर्ड करणं कठीण. पण या अडचणी आम्ही रोज सोडवतो, आमचं पोट त्यावरच चालतं.

अजून एक गोष्ट, पुतण्याच्या निमित्ताने. तो बारा-बारा तास उभा असतो, जायच्या-यायच्या लोकलचे तीन तास वेगळे, आणि एका मालिकेचे पैसे तीन महिन्यांनी हातात आले. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात, चौघंही आपल्याकडचे. एक पारोळ्याचा, एक शिरपूरचा, एक साक्रीचा. अशी किती पोरं त्या माचांवर चढून लाइट लावतायत, जी आपल्या गावात राहून हेच काम करू शकली असती! त्याला विचारलं, इकडे मालिका आली तर येशील का? तो म्हणाला, "काका, निस्ता फोन करा."

गेल्या रविवारी मी शेजारच्या गावातला एक जुना वाडा मोजून आलो. मालक पुण्यात असतात, त्यांनी आनंदाने हो म्हटलं. धाब्याचं छत, सागाचे खरे खांब, मधे चौक, मागे खळं, बंगई म्हणजे झोपाळा अजून शाबूत. ओसरी बावीस फूट लांब, म्हणजे कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा आहे. थ्री फेज कनेक्शन दोनशे फुटांवर. रस्त्यापासून आत असल्याने ट्रकचा आवाज येत नाही, हे मी दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा अर्धा-अर्धा तास बसून ऐकलंय. सगळ्या खोल्यांचे फोटो आणि मापं काढून ठेवली आहेत, पुतण्याच्या ओळखीने दोन-तीन निर्मात्यांकडे पाठवणार आहे.

तुमच्या गावात असा वाडा असेल तर चारही बाजूंनी फोटो काढा. चौकाची लांबी-रुंदी, दाराची उंची, वीज कुठून घेता येईल ते लिहा आणि मला पाठवा. सुतारकाम, रंगकाम, जनरेटर, शिवणकाम, नाटकात काम, ज्याला जे येतं त्याने नाव आणि गाव कळवा. मी एक यादी करतोय.

निघताना मोठी माय त्या वाड्याच्या चुलीपाशी जाऊन बसली होती. राख हाताने सारली, चूल बघितली आणि म्हणाली, खापर मी देईन.