पायाखाली काय होतं? ‘दर्यावर्दी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाच्या सहलीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचून मूळ फोटो उघडला आणि रागाची पंचाईत झाली. उत्तराला आठ दिवस लागले ते त्यामुळे.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मालवणात किल्ल्याच्या खडपांजवळ पाण्यात डोकं घातलं तरी प्रवाळ दिसतात, मग त्यासाठी कॅरिबियन गाठणं ही निव्वळ मिरवामिरवी. माझ्यासारखे पर्यटकच प्रवाळ तुडवतात आणि घरी आल्यावर ‘प्रवाळ मरतायत हो’ म्हणून गळा काढतात. गुलामांच्या झोपड्यांसमोर हसरे फोटो काढताना काही वाटलं नाही का? आणि शेवटी: ‘कंबरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून हात हलवताय, त्या फोटोत तुमच्या पायाखाली काय होतं ते सांगाल का?’

आधी हा शेवटचा प्रश्न.

तो फोटो ‘थाउजंड स्टेप्स’ या किनाऱ्यावरचा. नाव हजार पायऱ्यांचं, प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास. ओल्या अंगानं, हातात फिन्स (पोहताना पायात घालायचे रबरी पंखे) घेऊन वर चढताना त्या हजार वाटतात म्हणून हे नाव. फोटो नवऱ्यानं काठावरून काढला. आणि मी हात हलवत नव्हते. मास्कमध्ये पाणी शिरलं होतं, नाकात खारट झिणझिण्या आल्या होत्या आणि मी घाबरून होते तिथेच उभी राहिले होते. हात वर केला तो ‘अरे, ये इकडे’ म्हणून. लेखात मात्र त्याच फोटोखाली ‘कॅरिबियनला सलाम!’ असं लिहून मी मोकळी झाले.

मूळ फोटो मोठा करून पाहिला. तिथलं पाणी एवढं नितळ की गुडघ्याखालचंही दिसतं. उजवी फिन आहे मेलेल्या प्रवाळांच्या खचावर, बोटाएवढ्या पांढुरक्या काड्या पसरलेल्या असतात तसा. डाव्या पोटरीला टेकून मात्र मोहरीच्या रंगाची, कडेला फिकट होत गेलेली पाती उभी आहेत. ते फायर कोरल. नावात कोरल असलं तरी खऱ्या प्रवाळांपेक्षा त्याचं जवळचं नातं वेगळ्याच कुळाशी, हायड्रॉइडांशी. अंगावर सूक्ष्म डंख असतात आणि लागलं की कातडी भाजल्यासारखी होते. आता गंमत बघा. त्याच लेखात मी लिहिलंय की मला जेलीफिश चावली आणि पंधरा दिवस पोटरीवर चट्टे होते. जेलीफिश आमच्यापैकी कुणीही पाहिलेली नव्हती. खाज सुटली, समुद्रात होतो, म्हणजे जेलीफिश, असा सरळ हिशेब मी लावला होता.

तेव्हा उत्तर असं की एका पायाखाली मेलेलं होतं आणि दुसऱ्याला टेकून जिवंत. जिवंतानं तिथल्या तिथे वसूल केलं.

मास्कमध्ये पाणी आल्यावर उभं राहायचं नसतं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. डोकं पाण्याबाहेर काढून पाठीवर उलटायचं, मास्कची खालची कड जराशी उचलून पाणी सोडायचं, पुन्हा पालथं व्हायचं. दहा सेकंदांचं काम. पण ते आधी तरणतलावात घटवायला हवं होतं. आम्ही नेदरलँड्समधल्या आमस्टेलव्हेनमधून, म्हणजे घरून, निघताना नवी मास्क घेतली, तिची काच डिशसोपनं घासली, व्हिडिओ बघितले. पाण्यात एकदाही उतरलो नाही. तिथल्या सागरी पार्कचे नियम पाठ होते: प्रवाळाला हात लावायचा नाही, हातमोजे घालायचे नाहीत (मोजे घातले की माणूस निर्धास्तपणे सगळं धरतो, म्हणून बंदी), त्यावर उभं राहायचं नाही. नियम पाठ असून नाकात पाणी गेल्यावर पाय आपोआप खाली गेले.

आता वाद.

माझ्या फिननं मोडलं असेल ते माझ्या नावावर. पण पर्यटकांच्या पायांनी कॅरिबियनची रीफ, म्हणजे प्रवाळांची भिंत, मेली, हे मला मान्य नाही. माझ्या उजव्या फिनखालचा तो पांढऱ्या काड्यांचा खचच बघा. सांबराच्या शिंगांसारखे फाटे फुटणारे प्रवाळ तिथे उथळ पाण्यात दाट वाढायचे. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात त्यांच्यावर एक रोग आला, फांदीवर पांढरा पट्टा उमटायचा आणि तो सरकत फांदी सोलून काढायचा. बहुतेक ठिकाणी ही जात त्यात झोपली. ते सावरायच्या आत, १९८३ साली, पनामा कालव्याच्या तोंडाशी सी-अर्चिन, म्हणजे काळ्या, लांब काट्यांचे गोळ्यासारखे समुद्री प्राणी, मरायला लागले. साधारण वर्षभरात ही मर प्रवाहांबरोबर सगळ्या कॅरिबियनभर फिरली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक सी-अर्चिन गेले. आपल्याला वाटेल, काटे गेले तर बरंच झालं. पण रीफची खुरपणी तेच करत होते. खडकावरचं शेवाळ रात्रभर खरवडून खायचे, म्हणून प्रवाळाच्या पिल्लांना रुजायला मोकळी जागा मिळायची. खुरपणारे गेले आणि तण माजलं.

बोनेरनं तोवर काही कमी केलेलं नव्हतं. भाल्यानं मासे मारायला १९७१ पासून बंदी, १९७९ पासून बेटाभोवती भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत सगळा समुद्र राखीव. नांगर टाकायचा नाही, बोटी बांधायला कायमचे बोये. पुढे पोपटमासे पकडायलाही बंदी आली, कारण सी-अर्चिनांची खुरपणी आता त्यांच्याकडे आहे. पाण्याखाली कान दिलात तर त्यांचं कुरतडणं ऐकू येतं, शेजारच्या खोलीत कुणी खडीसाखर फोडत बसल्यासारखं. खाल्लेल्या दगडाची ते पांढरी वाळू करून मागून सोडतात. त्याच वाळूवर आपण टॉवेल अंथरतो. एवढी राखण केल्यामुळे तिथे अजून बघण्यासारखं काही उरलंय, हे माझं ठाम मत आहे. पण रोग कुंपण बघत नाही.

आम्ही गेलो २०२३ च्या नोव्हेंबरात. ते वर्षच वाईट होतं. २०१४ मध्ये मायामीजवळ पहिल्यांदा दिसलेला, दगडी प्रवाळांचा जिवंत थर गाळून टाकणारा नवा रोग त्याच वर्षी बोनेरला पोचला होता, आणि वर उन्हाळाभर तापलेलं पाणी. समोरच्या क्लाइन बोनेर या निर्जन बेटावर पाणटॅक्सीनं सोडतात आणि प्रवाहाबरोबर रीफवरून तरंगत यायचं असतं. हातपायही मारावे लागत नाहीत. तिथे मी मेंदूसारख्या वळ्यांचे गोटे पांढरे झालेले पाहिले आणि ‘मेलेत बिचारे’ म्हणाले. आमच्या बरोबरच्या वाटाड्या मुलीनं दोन पांढऱ्यांतला फरक दाखवला. एक पांढरा आतून दिवा लावल्यासारखा, सगळीकडे सारखा. तो जिवंत असतो. उष्णतेमुळे त्यानं आपल्या पेशींतली शेवाळं हाकलून दिलेली असतात. रंग आणि बरंचसं अन्न त्यांच्याकडूनच यायचं, त्यामुळे तो पांढरा आणि उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शेवाळं परत येतात आणि तो वाचतो. दुसरा पांढरा खडूसारखा कोरडा, एका कडेनं आत सरकणारा, मागे नुसता सांगाडा. तो रोग, आणि तो फार वेगानं जातो. शंभर-दोनशे वर्षं वाढलेला गोटा काही आठवड्यांत संपतो. या रोगामुळे एका जागेवरून दुसरीकडे जाताना फिन्स-मास्क जंतुनाशकात बुडवायला सांगत होते. आम्ही बुडवले. बादलीत फिन्स बुडवताना कोविडमधल्या सॅनिटायझरची आठवण आली.

म्हणजे बघा, तुम्ही माझ्या पायावर बोट ठेवलंत. ठेवायला हवं होतं ते विमानावर. ॲमस्टरडॅमहून दहा तास जायचं, दहा तास यायचं, माणसं चार. ज्या उष्णतेनं ते गोटे पांढरे झाले त्यात आमचाही वाटा आहे. पार्कचं शुल्क भरतो, आणि राखणीचा खर्च १९९२ पासून अशा शुल्कातून निघत आलाय, हे खरं आहे. आम्ही गेलो तेव्हा माणशी ४० डॉलर, त्या कॅलेंडर वर्षापुरते. पण ४० डॉलरची पावती विमानाच्या धुराला लावता येत नाही. या मुद्द्यावर माझ्याकडे बचाव नाही, तयारही करणार नाही.

मिरवलं का? मिरवलं. सात अंशांच्या नोव्हेंबरी गारठ्यातून उठून पोहायचे कपडे घालायला मिळाले तर कोण नाही मिरवणार. शिवाय बोनेर २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, त्यामुळे इथल्या लोकांना ते आपल्याकडच्या अंदमानसारखं वाटतं, लांबचं पण घरचं. विमानतळावर डच पाट्या, दुकानात डॉलर, रस्त्यात पापियामेंतु ही तिथली बोली. राजधानीचं नाव क्रालेनडाइक, मूळ अर्थ प्रवाळांचा बांध.

झोपड्यांबद्दल. तुमचं बरोबर आहे, तो फोटो काढून टाकलाय. दक्षिण टोकाला मिठागरं आहेत, गुलाबी पाण्याची, आणि त्यांच्या काठावर १८५० मध्ये बांधलेल्या दगडी खोपट्या. दारातून आत जायला माणसाला रांगावं लागतं. मिठागरात राबणाऱ्या गुलामांना रात्री पडायला तेवढीच जागा. कुटुंबं राहायची उत्तरेकडे रिंकोनला, तिथे पायी जायला सात तास. डच वसाहतींतली गुलामी संपली १ जुलै १८६३ ला. मी हे सगळं तिथल्या फलकावर वाचलं होतं आणि तरी धाकट्याला ‘दारातून डोकं काढ, स्माइल कर’ म्हणाले होते. माझे आजोळचे लोक मिठागरं बघत वाढलेले, उन्हात मीठ ओढणं म्हणजे काय हे मला ऐकून तरी माहीत होतं.

राहिलं मालवण. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे, पण तुम्ही समजताय त्या बाजूनं नाही.

२०१४ मध्ये आम्ही मालवणात स्नॉर्कलिंग केलं होतं. होडीवाल्या दादांनी बिस्किटांचा चुरा टाकला, माशांची झुंबड उडाली, त्यांनी माझं मनगट धरून हात एका खडपावर टेकवला आणि फोटो काढला. खडपावर जे खरखरीत लागत होतं ते काय होतं हे मी विचारलं नाही. तेव्हा मीसुद्धा खूश होते. त्या दादांना दोष देत नाही, त्यांना कुणी वेगळं शिकवलं नसेल आणि गिऱ्हाइकाला फोटो हवाच असतो. पण १९८७ पासून कागदावर सागरी अभयारण्य असलेल्या पाण्यातली ही गोष्ट.

आणि तुम्ही लिहिता तसं ‘मालवणात तेच दिसतं’ हे खरं नाही. तसं म्हणणं मालवणवर अन्याय आहे. बोनेरला नदी नाही, निवडुंगांचं कोरडं बेट. तिथे वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस मालवणात एकट्या जुलैत पडतो. वारा कायम पूर्वेकडून, त्यामुळे पश्चिम किनारा शांत आणि गाळ जवळपास नाहीच. तिथलं पाणी काचेसारखं असण्यात कुणाचं कर्तृत्व नाही. मालवणात दर पावसाळ्यात नद्या लाल माती आणून ओततात, खारटपणा उतरतो, चार महिने ऊन नीट पोचत नाही, आणि त्यातही खडपांना धरून प्रवाळ जगतात. बोनेरचे प्रवाळ त्या पाण्यात एक आषाढ काढतील का, मला शंका आहे. मालवणचं हे वेगळेपण तुम्ही सांगायला हवं होतं. तुम्ही नुसतं ‘आमच्याकडेही आहे, स्वस्त आहे’ एवढंच सांगितलंत.

लेखात दोन दुरुस्त्या केल्या आहेत. जेलीफिश काढून फायर कोरल लिहिलंय, आणि ‘सलाम’ काढून फोटोखाली खरं काय घडत होतं ते लिहिलंय. नवऱ्याचं म्हणणं, आता तो फोटो जास्त चांगला वाटतो.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘कधी या, मी दाखवतो.’ ते रागात लिहिलं असेल तरी मी शब्दशः घेतेय. जानेवारीत सासूबाईंकडे कुडाळला येतोय. मुलांचा मास्कचा सराव इथल्या तलावात सुरू केलाय, धाकटा पाठीवर उलटून पाणी काढायला शिकलाय, मला अजून तिसऱ्या खेपेला जमतं. तेव्हा आधी कुठेतरी नुसती वाळू असलेल्या जागी उतरवा. बिस्किटं आणणार नाही.