सर्कलिप

मोटरसायकलचं इंजिन जाम झालं ते माझ्याच आळसाने, हे आधीच कबूल करतो. ऑइलची पट्टी ओढून बघायला अर्धं मिनिट लागतं. मी कित्येक महिने ती बघितली नव्हती. ऑइल आटलं की ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो, तो ज्या लोखंडी नळीत खालीवर होतो ती स्लीव्ह काही तेवढी फुगत नाही, आणि दोघं एकमेकांना जी मिठी मारतात ती सुटत नाही. असो. सिलिंडर आतून घासून, म्हणजे बोअर करून आणला, नवा पिस्टन, नव्या रिंगा आणल्या आणि सुट्टीच्या दिवशी घरीच बसवायला घेतलं.

राग आहे तो शेजारच्या काकांवर.

काका स्टूल घेऊनच आले. मोटरसायकल त्यांनी जन्मात चालवलेली नाही, म्हणून मतं एकदम ताजी. पिस्टनवर ‘इन’ लिहिलेलं त्यांनी चष्म्यातून वाचलं. मी म्हटलं, "ही बाजू कार्ब्युरेटरकडे, पेट्रोल आत येतं तिकडे ठेवायची, काका."

"इन म्हणजे आत ना? मग ती वर काय करतेय?"

दहा मिनिटं या एका शब्दात गेली. मेकॅनिकपुढे हीच माणसं हाताची घडी घालून गप्प उभी असतात. घरी कोणी पाना उचलला की यांना कंठ फुटतो!

पिस्टनची पिन सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना, खाचेत, तारेची एवढीशी क्लिप बसते. ती सर्कलिप. भयंकर उडते. उडून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटात पडली तर अख्खं इंजिन खोला. म्हणून मी चेंबरच्या तोंडात फडकं कोंबलं होतं. पहिली क्लिप बसली. दुसरी नोज प्लायरमधून ‘टिंग्’ करून गेली. खाली बघतो तर फडकं गायब. काका त्याने चष्मा पुसत होते.

"इथे पडलं होतं," म्हणाले. "आणि ते तुमचं जे काय उडालं ना, ते आत गेलं. मी बघितलं."

दीड तास लोहचुंबकाला दोरा बांधून चेंबरमध्ये गळ टाकून बसलो. बॅटरी मारून मारून डोळे दुखले. शेवटी काका जेवायला उठले, आणि त्यांच्या चपलेखालून ती निघाली. चपटी.

"बघा, सापडली की नाही!"

वाकलेली सर्कलिप परत वापरत नाहीत. इंजिन अजून चादरीखाली उघडं पडलंय. आज सकाळी काकांनी भिंतीवरून विचारलं, "आज बसवताय ना? मी स्टूल आणतो."