लिव्हर ‘साफ’ केल्याने प्रतिकारशक्ती जागी होत नाही

धान कापणीच्या दिवसांत गडचिरोली-चंद्रपूरकडे तापाचे रुग्ण वाढले की एक मेसेज फिरायला लागतो. आशय असा: लिव्हरमध्ये घाण साचून प्रतिकारशक्ती झोपते, म्हणून कावीळ, हिवताप, कॅन्सर होतात. महिनाभर गुळवेल-भुईआवळीचा काढा घ्या. मग गोळ्या नकोत, लस नको, आणि नुकसान तर काहीच नाही.

पहिला दावा घाणीचा. लिव्हर प्रतिकारशक्तीला आवरून धरतं, एवढं खरं आहे. पण ते निरोगी लिव्हरचं रोजचं काम आहे. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त थेट आतड्यांकडून येतं, त्यात जेवणातले अंश असतात आणि जंतूंचे तुकडेही. प्रत्येक परक्या कणावर हल्ला झाला असता तर रोजच्या जेवणानेच लिव्हर सुजलं असतं. म्हणून तिथल्या पेशी प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशींना, म्हणजे टी पेशींना, थंड करतात. लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना छिद्रं असतात, त्यातून टी पेशी यकृतपेशीला थेट भिडते. परका कण ओळखणं हा तिचा पहिला इशारा. पण हल्ल्यासाठी लागणारा दुसरा इशारा तिला तिथे नीट मिळत नाही. ती दुबळी पडते. काही टी पेशींना तर यकृतपेशी चक्क गिळून टाकतात! अवयव बसवणारे ब्रिटिश सर्जन रॉय काल्न यांच्या गटाने १९६९ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की परक्या डुकराचं लिव्हर बसवल्यावर ते औषधांशिवायही टिकू शकतं. ही सहनशीलता काढ्याने धुऊन निघणारी नाही, आणि निघाली तर ते संकटच.

दुसरा दावा, कावीळ म्हणजे प्रतिकारशक्ती संपली. हिपॅटायटीस बी मध्ये गोष्ट जवळपास उलटी आहे. हा विषाणू यकृतपेशीला सहसा स्वतः मारत नाही. टी पेशी संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडतात, तेव्हा डोळे पिवळे होतात. आईकडून जन्माच्या वेळी ज्या बाळाला लागण होते, त्याला बहुधा कावीळ होतच नाही. घरच्यांना वाटतं, लेकरू ठणठणीत आहे. पण अशा बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांत विषाणू कायमचा मुक्काम करतो. निरोगी मोठ्या माणसांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असतं. म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आतली लस इतकी मोलाची. ती चुकवा म्हणणारा मेसेज पुढे पाठवताना हात थांबायलाच हवा.

पाण्यातून पसरणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि श्रेय काढ्याला जातं. गरोदर बाईला मात्र हिपॅटायटीस ई जिवावर बेतू शकतो. तिथे वाट पाहू नये.

हिवतापाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापाचा परजीवी डासाच्या चाव्यानंतर लिव्हरच्या पेशीत शिरतो. त्यातले काही तिथेच झोपून राहतात, तेही प्रतिकारशक्तीच्या नजरेत फारसे न येता. रक्तातला परजीवी मरतो, ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, आणि “ताप गेला, आता गोळ्या काऊन खायच्या?” म्हणून अर्धी पट्टी कोनाड्यात जाते. त्या पट्टीतलं १४ दिवसांचं प्रायमाक्विनच झोपलेल्या परजीवीसाठी असतं. ते अर्ध्यावर सोडलं तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, पुन्हा डास न चावताही, ताप परत येऊ शकतो. गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत, म्हणून कुणाची पट्टी कुणी घेऊ नये. आशाताईला विचारा.

कॅन्सरचं थोडक्यात. तो लिव्हरमध्ये पसरलेला असेल तर प्रतिकारशक्ती जागवणारी आधुनिक औषधंसुद्धा अनेकदा कमी चालतात. उंदरांवरच्या २०२१ मधल्या संशोधनात लिव्हरमधल्या भक्षक पेशी टी पेशींचा नाश करताना दिसल्या. एवढ्या बळकट औषधांना जे जड जातं, ते काढ्याने होईल हे सांगणं रुग्णाला फसवणं आहे.

राहिलं ‘नुकसान काहीच नाही’. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. त्यानंतर मुंबईच्या आणि देशातल्या इतर डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केली, ज्यांचं लिव्हर गुळवेल घेतल्यावर सुजलं होतं. बऱ्याच जणांत स्वतःचीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटल्याची चिन्हं होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला. डॉक्टरांनी नोंदी मागे घेतल्या नाहीत. डोळे पिवळे दिसत असतील आणि काढा चालू असेल, तर तो आजच बंद करा आणि काय, किती दिवस घेतलं ते डॉक्टरांना आधी सांगा. हिपॅटायटीस बी आणि सी ची तपासणी व उपचार २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याची चौकशी करा.