संत्र्याच्या बगीच्यात बुरशीनाशक हे ‘टॉनिक’ नव्हे

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात सध्या एक संदेश मोबाइलवर फिरतो आहे. कॅलिफोर्नियातील बदामवाले ऐन फुलोऱ्यात बुरशीनाशक मारतात, म्हणून आपणही संत्र्यावर दरमहा कार्बेन्डाझिम किंवा मॅन्कोझेब ही बुरशीनाशके फवारावीत. त्याने डिंक्या (बुंध्यातून डिंक वाहणे), कोळशी (पानाफळांवरची काळी काजळी) आणि फळगळ थांबते, झाड हिरवेगार होते आणि अपाय काहीच होत नाही, असे त्यात म्हटले आहे.

बदामाची गोष्ट खरी आहे, पण ती तिथली आहे. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो, बदाम फेब्रुवारीत फुलतो आणि ओल्या फुलांवर तपकिरी कुज येते. आपला आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा हिवाळ्याअखेरचा फुलोरा, त्याच सुमारास, पण बहुधा कोरड्या हवेत फुलतो. आपल्याकडे बुरशीचे दिवस पावसाळ्याचे. शिवाय बदामाची फळधारणा मधमाश्यांवर अवलंबून असल्यामुळे तिथेही माश्या परतल्यावर, सायंकाळी फवारण्याचा सल्ला दिला जातो. संदेशात नेमके हेच गाळले आहे.

डिंक्याबाबतचा दावा सर्वांत महागात पडणारा आहे. हा रोग फायटोफ्थोरामुळे होतो, आणि दिसायला बुरशीसारखा असला तरी हा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. कार्बेन्डाझिमचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्याचे ठाणे जमिनीत, मुळांवर आणि बुंध्याच्या सालीत असते, त्यामुळे शेंड्यापर्यंत पाने धुऊन काढली तरी बुंध्यावरचा डिंक वाहतच राहतो. रोगट साल चाकूने खरवडून तिथे बोर्डो मलम (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) लावणे, पावसाळ्याच्या आधी व नंतर बुंध्याला त्याचा लेप देणे आणि ओलिताचे पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळे (खोडाभोवती आतले कोरडे, बाहेरचे पाण्याचे) करणे, हे खरे उपाय. फवारून मुळांपर्यंत उतरणारे औषध हवेच असेल तर ते फोसेटिल-ॲल्युमिनियम होय.

कोळशीची काजळी बुरशीचीच असते, हे मान्य. पण ती काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढते. माशी राहिली की काजळी परत येते.

फळगळीसाठी गळालेले फळ हातात घेऊन पाहावे. देठाशी तपकिरी-काळी कूज दिसली तर बुरशीचा संशय रास्त आहे. सालीवर सुईने टोचल्यासारखे छिद्र असून भोवती मऊ पडले असेल तर तो रस शोषणाऱ्या पतंगाचा उद्योग. दोन्ही नसेल तर पाण्याचा ताण, अन्नद्रव्ये आणि संजीवकांचे (झाडाच्या वाढीच्या संप्रेरकांचे) असंतुलन यांकडे वळावे.

‘झाड हिरवे होते’ हा अनुभव मात्र खोटा नाही. मॅन्कोझेबमध्ये मँगनीज आणि जस्त असते, आणि आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्ताची कमतरता नेहमीची. पाने हिरवी होतात ती त्यामुळे. तेच काम झिंक सल्फेट कितीतरी स्वस्तात करते.

राहिला अपायाचा प्रश्न. एकाच गटाचे आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणारे) औषध वारंवार मारले की बुरशी त्याला सरावते. ‘मग मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रणच मारू’ म्हणणाऱ्यांनीही जपावे, कारण मोरचुदातले तांबे जमिनीत विघटित होत नाही, साचत जाते. आणि चुना कमी पडलेले मिश्रण कोवळी पालवी जाळते. तयार द्रावणात घासलेला लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून काढावा. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर ते द्रावण पंपात भरण्याआधी त्यात आणखी चुन्याची निवळी घालावी.